दुधात उकळून बरणी सांधत नाही

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या आत्याची लोणच्याची चिनी मातीची बरणी तडकली, तेव्हा शेजारून तोच जुना सल्ला आला: दुधात उकळा, सांधेल. हल्ली त्याला "सिरॅमिक आपोआप भरून येतं, शास्त्रज्ञ सांगतात" अशी पुस्तीही जोडतात.

ही निव्वळ गल्लत. दुधातलं केसीन हे प्रथिन फटीत चिकटतं, पाझर काही दिवस थांबतो, इतकंच. माती जुळत नाही.

आपोआप भरून येणारी सिरॅमिक्स खरी आहेत, पण ती मुद्दाम तशी घडवलेली. उदाहरणार्थ, ॲल्युमिनात (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडात) सुमारे १५ टक्के सिलिकॉन कार्बाइडचे, म्हणजे सिलिकॉन आणि कार्बनच्या संयुगाचे, बारीक कण. तडा गेला की कण उघडे पडतात. १३०० अंश सेल्सिअसला हवेतला ऑक्सिजन मिळून त्यांची सिलिका, म्हणजे वाळूतलाच पदार्थ, होते. ती मूळ कणांपेक्षा जास्त जागा घेते, फट भरते आणि दोन्ही कडा घट्ट धरते. तासाभरात ताकद परत! पण तडा केवढा? मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा लांब. हवा नसेल तर तेवढंही नाही.

बरणीत कार्बाइड नाही, आणि आत्याच्या तड्यात तर नख अडकतं. गॅसवर ठेवली असती तर दोन तुकडेच. आता तिच्यात लाटणी उभी असतात.