भिंत उभी राहण्याआधी: बांधकामातील आभासी वास्तवाची पार्श्वभूमी

बांधकामात आभासी वास्तव, म्हणजे व्हीआर, हल्लीच आले असा समज असला, तरी या तंत्राच्या अगदी पहिल्या प्रयोगातही एक खोली होती. संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये मांडलेले डोक्यावर चढवायचे उपकरण छताला टांगलेल्या यांत्रिक दांड्याला जोडलेले असे. त्यातून दिसणाऱ्या चित्रांपैकी एक होते नुसत्या रेषांनी आखलेल्या खोलीचे; तिला एक दार आणि तीन खिडक्या होत्या आणि भिंतींवर, नकाशात घालतो तशी, दिशांची अक्षरे होती.

खऱ्या इमारतीवर या कल्पनेचा कस लागला तो नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात. आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकांच्या प्रकल्पाचे नेतृत्व केलेले फ्रेडरिक ब्रुक्स तिथे संगणकशास्त्र शिकवत. १९८७ मध्ये खुल्या झालेल्या सिटरसन हॉलमध्ये त्यांचा विभाग जायचा होता, तेव्हा बांधकामाआधीच नकाशांवरून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इमारतीची त्रिमितीय प्रतिकृती तयार केली. अशा प्रतिकृतींत 'चालण्यासाठी' पुढे सायकलसारखे हँडल लावलेली ट्रेडमिलही जोडली. लॉबीतील एका आडभिंतीमुळे वर्दळीची जागा कोंदट वाटते, असे तिथे वावरणार असलेल्यांचे म्हणणे पडले, पण वास्तुविशारदांना ते पटेना. त्यांना स्वतःला प्रतिकृतीतून फिरवून आणल्यावर मात्र भिंत सरकवण्यात आली. या हकिकतीतले लक्षणीय ते हेच, की नकाशा वाचण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनाही रुंदीचा आकडा आणि रुंदीची जाणीव यांतले अंतर कागदावर दिसले नव्हते.

१९९२ मध्ये शिकागोत भिंतींवर चित्र पाडणारी 'केव्ह' ही खोली आली. पण ती परवडणार होती मोजक्याच संस्थांना. त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. आत शिरून पाहण्याजोगी प्रतिकृती प्रत्येक इमारतीसाठी मुद्दाम घडवावी लागे. भिंत, दार, तुळई यांची संगणकात रेषा म्हणून नव्हे, तर वस्तू म्हणून नोंद ठेवण्याचा विचार चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ मध्येच मांडला होता. त्यातूनच पुढे बिम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) ही पद्धत रुळली, आणि आत शिरण्याजोगी प्रतिकृती आराखड्याबरोबरच तयार होऊ लागली. ब्रिटनमध्ये केंद्र सरकारच्या प्रकल्पांना ती एप्रिल २०१६ पासून सक्तीची झाली, आणि योगायोग असा की ऑक्युलस रिफ्ट व एचटीसी व्हाइव्ह हे हेडसेट त्याच सुमारास ग्राहकांच्या हाती पडले.

आपल्याकडे व्हीआर म्हटले की बिल्डरच्या कार्यालयातला, हेडसेटमधून दाखवला जाणारा सॅम्पल फ्लॅट आठवतो. पण तो विक्रीचा भाग झाला. साइटवरचा उपयोग याहून रुक्ष आणि अधिक मोलाचा आहे. स्ट्रक्चरच्या ड्रॉइंगमध्ये बीम असतो, वातानुकूलनाच्या ड्रॉइंगमध्ये हवा वाहून नेणारा डक्ट असतो, आणि दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबरच असतात. दोन्ही एकाच प्रतिकृतीत आणून हेडसेट घालून तिच्यात उभे राहिले, की डक्ट बीममधून आरपार गेलेला दिसतो. स्लॅब ओतल्यानंतर हेच लक्षात आले, तर डक्टचा मार्ग बदलावा लागतो, किंवा छताची उंची तरी कमी करावी लागते.