म्हाताऱ्यांच्या वसाहतीत माणूस एकटा पडतो?

‘सगळे म्हातारेच एकत्र राहिले की माणूस आणखी खचतो’ हा समज जुना आहे आणि चुकीचाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ अर्विंग रोसो यांच्या १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलटच दिसलं: इमारतीत समवयस्क जितके जास्त, तितकी शेजारात मैत्री अधिक, विशेषतः कामगारवर्गात. जिन्यात धाप का लागते, हे तिथे कुणाला समजावावं लागत नाही. दुपारपर्यंत दाराबाहेर वर्तमानपत्र तसंच पडलेलं दिसलं, की कुणीतरी बेल वाजवतंच.

मात्र ओळखी आपोआप होत नाहीत. कार्यक्रमांचा फलक भरगच्च असतो (तो बहुधा मुलांना दाखवायला!), पण गप्पा जुळतात लिफ्टपाशी, बाकावर. कंपूही होतात, नव्या माणसाला जेवणाच्या टेबलावर हक्काची खुर्ची मिळायला कधीकधी महिने जातात.