पार्किंगमधली मांजर घरात येते तेव्हा

नेरूळमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये वाढलेली चिंगी गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी राहायला आली आणि पहिले 9 दिवस तिने वॉशिंग मशीनमागच्या फटीत काढले. बांगड्याच्या तुकड्यासाठी जिन्यापर्यंत पायात घोटाळत येणारी हीच मांजर घरात हात पुढे केला की फिस्कारू लागली. मांजराला माणसापेक्षा जागेचा लळा असतो, असे आपल्याकडे म्हणतात, आणि त्यात बरेच तथ्य आहे. मांजराच्या गालांवर व हनुवटीवर गंधग्रंथी असतात. खांबाला किंवा गाडीच्या चाकाला गाल घासून ते आपल्या परिसरावर ओळखीचा वास ठेवत असते. आमच्या घरात तो वास कुठेच नव्हता.

लपण्याची ही धडपड मोडून काढू नये. नेदरलँड्समधील एका प्राणी-निवाऱ्यात 19 मांजरांवर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, नव्याने आलेल्या ज्या मांजरांना लपायला खोके मिळाले, त्यांचा ताण पहिल्या काही दिवसांत इतरांपेक्षा लवकर उतरला. आम्हीही पुठ्ठ्याचे खोके आडवे करून फटीजवळ ठेवले. लपलेले मांजर दोन दिवस काहीच खात नसेल, तर मात्र वाट न पाहता पशुवैद्यांकडे जावे, कारण दीर्घ उपासाने मांजराचे यकृत बिघडू शकते.

तरीही एक मांजर महिन्याभरात मांडीवर येते आणि दुसरे वर्षभर अंतर राखते, असे का होते? याचे उत्तर बहुतेक वेळा त्याच्या बालपणात सापडते. पिल्लाच्या वयाच्या साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा स्पर्श, वास आणि आवाज त्याच्या ओळखीच्या जगात सामावले जातात. अमेरिकेतील टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी केलेल्या प्रयोगांत तिसऱ्या आठवड्यापासून हाताळलेली पिल्ले सातव्या आठवड्यापासून हाताळलेल्या पिल्लांपेक्षा माणसाजवळ अधिक सहज येत असल्याचे आढळले. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपण ऐकत आलो आहोत. सातच घरे ती मोजत नसली, तरी धोका जाणवला की रस्त्यावरची मांजर पिल्ले तोंडात धरून जागा बदलते, आणि या हलवाहलवीत नेमके हेच आठवडे माणसाच्या नजरेआड निघून जातात. शिवाय धीटपणाचा काही अंश पित्याकडूनही येतो: माणसाळलेल्या बोक्याची पिल्ले, त्यांनी पित्याला पाहिलेले नसले तरी, अधिक धीट निघतात, हे सँड्रा मॅक्यून यांच्या 1995 च्या अभ्यासातून पुढे आले. त्यामुळे अंतर राखणाऱ्या मांजराला कृतघ्न म्हणणे मला फार अन्यायाचे वाटते.

मोठेपणीही ओळख वाढू शकते, पण पुढाकार मांजराकडे सोडावा लागतो. ब्रिटनमधील ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी 2020 मध्ये दाखवून दिले की, अनोळखी माणसाने मांजराकडे पाहत पापण्या सावकाश मिटल्या-उघडल्या, तर भावहीन चेहऱ्याने बसलेल्या माणसापेक्षा त्याच्या पुढे केलेल्या हाताकडे मांजर येण्याची शक्यता वाढते. आम्ही रोज संध्याकाळी जमिनीवर बसून एवढेच करत राहिलो. गणपतीत सोसायटीत ढोल-ताशे सुरू झाले, तेव्हा ती पुन्हा खोक्यात शिरली. आपल्याहून कितीतरी उंच स्वर ऐकणाऱ्या कानांना तो गजर किती बोचत असेल! विसर्जनानंतर चौथ्या दिवशी ती बाहेर आली आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला तिने प्रथमच गाल घासला.