डी.एच.२ की एफ.ई.८? फरक शेपटीच्या दांड्यांत

पहिल्या महायुद्धातील एअरको डी.एच.२ आणि रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीचे एफ.ई.८ ही दोन ब्रिटिश लढाऊ विमाने जुन्या छायाचित्रांत जुळी भावंडे वाटतात. दोन्ही द्विपंखी, दोन्ही एकाच वैमानिकाची आणि दोन्हींचा प्रोपेलर वैमानिकाच्या पाठीमागे. कारण फिरत्या पात्यांमधून नेमक्या क्षणी गोळी सोडणारी यंत्रणा ब्रिटिशांच्या हाती येण्यापूर्वी समोर निर्वेध मारा करण्याचा तोच सरळ मार्ग होता. दोन्ही १९१५ मध्ये प्रथम उडाली आणि दोघांना १०० अश्वशक्तीचे मोनोसुपाप इंजिन होते. तेव्हा सांबऱ्याकडे उतरणारी विमाने गच्चीवरून पाहत वाढलेल्या बेळगावच्या हौशी कारागिराने सुट्या भागांचा तयार संच न घेता यांपैकी एखाद्याची छोटी प्रतिकृती स्वतः घडवायला घेतली, तर त्याची गफलत होणे स्वाभाविक आहे. माझी झाली होती: पंख एकाचे आणि शेपटी दुसऱ्याची.

खरी ओळख शेपटी पेलणाऱ्या चार दांड्यांत आहे. डी.एच.२ मध्ये, वरून पाहिल्यास, हे दांडे मागे निमुळते होत सुकाणूच्या खांबाशी मिळतात. एफ.ई.८ मध्ये ते आडव्या शेपटीच्या मुख्य कण्याला जोडलेले असल्यामुळे निमुळतेपणा बाजूने पाहताना दिसतो, वरून नव्हे. प्रतिकृती करणाऱ्यासाठी हा फरक फार मोलाचा आहे, कारण त्यावरच जोडणीचा क्रम ठरतो. डी.एच.२ साठी वरची जोडी आणि खालची जोडी आराखड्यावर आडवी ठेवून चिकटवावी आणि मग दोन्हींच्या मध्ये उभे खांब घालावेत, एफ.ई.८ साठी मात्र डावी आणि उजवी अशा दोन चौकटी वेगळ्या करून त्या उभ्या कराव्यात. दिवाळीत आकाशकंदिलासाठी आणलेली बांबूची कामटी तासून मिलिमीटरभर जाडीची केली की दांडे उत्तम होतात. बाल्साचे लाकूड या जाडीला लवचीक राहत नाही, असे माझे मत आहे.

मापांतही फरक आहे. १:४८ प्रमाणात डी.एच.२ चा पंखविस्तार सुमारे १७९ मिलिमीटर भरतो, तर एफ.ई.८ चा २००. लांबीला मात्र एफ.ई.८ च आखूड, साधारण १५० मिलिमीटर. त्याच्या वैमानिककक्षाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि आवरण ड्युरॅल्युमिन या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे होते, म्हणून शीतपेयाच्या डब्याचा पत्रा तिथे शोभून दिसतो.

दोन्हींत प्रोपेलर या दांड्यांच्या पिंजऱ्यातच फिरतो. म्हणून दांडे पंखांना कायमचे चिकटवण्यापूर्वी तो बसवून बोटाने एकदा पूर्ण फिरवून पाहावा. नंतर आत चिमटासुद्धा धड जात नाही.