अंधार मोजणारी झाडे

थंडी स्थिरावली की घरात झाडे जोपासणाऱ्याची दिनचर्या बदलते. बाहेरच्या कुंड्यांचे काम जवळजवळ थांबते आणि सारे लक्ष खिडकीच्या कट्ट्यावरच्या पाच-सहा कुंड्यांकडे लागते. सकाळी उठून मातीत बोट घालायचे आणि वाफसा पाहायचा, कुंडी थोडी फिरवून ठेवायची, पाने उलटी करून कीड तपासायची आणि फांद्यांच्या टोकांशी एखादा लालसर ठिपका दिसतो का, हे निरखत उभे राहायचे. हा ठिपका म्हणजे कळीची पहिली खूण. तो एका घरात दिसतो आणि दुसऱ्या घरात, त्याच जातीच्या झाडावर आणि कितीतरी अधिक निगुतीने केलेल्या देखभालीनंतरही, दिसत नाही. असे का होते, याचे उत्तर वनस्पतिशास्त्राकडे आहे, आणि ते कळल्यावर थंडीतल्या बागकामाकडे पाहण्याची माझी दृष्टी पार बदलली.

एकाच झाडाच्या फांद्या लावून वाढवलेल्या कलांचोच्या, म्हणजे जाड मांसल पानांच्या एका शोभेच्या फुलझाडाच्या, दोन कुंड्या माझ्याकडे होत्या. त्यांपैकी एक बैठकीच्या खोलीत, उजेडाच्या जागी ठेवली होती. तिला वेळेवर पाणी मिळे, खत मिळे आणि रात्री अकरापर्यंत खोलीत दिवा असे. दुसरी कुंडी जागा नाही म्हणून मागच्या खोलीतल्या खिडकीत ठेवली होती. तिथे रात्री दिवा लावण्याचे कारणच नव्हते आणि मीही आठ-दहा दिवसांतून एकदाच तिकडे फिरकत असे. थंडीच्या मध्यावर मागच्या खोलीतल्या कुंडीत प्रत्येक शेंड्यावर बारीक कळ्यांचे घट्ट झुबके आले. हिरव्या कळ्यांच्या टोकांशी केशरी रेघ उमटू लागली होती. बैठकीतले झाड हिरवेगार आणि टवटवीत होते, पण त्यावर औषधालाही कळी नव्हती. दोघांची माती एक, वय एक, मूळ झाड एक. फरक होता तो रात्रीचा.

या फरकाची उकल अमेरिकेत एका तंबाखूच्या शेतात सुरू झाली. ‘मेरीलँड मॅमथ’ नावाचा तंबाखूचा वाण उन्हाळाभर शेतात दहा फुटांहून उंच वाढे, पण फुलत नसे. तोच वाण हिवाळ्यात काचगृहात लावला तर लहान असतानाच फुलोऱ्यावर येई. अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अ‍ॅलर्ड या शास्त्रज्ञांनी तापमान, पोषण, ओलावा अशी एकेक शक्यता तपासून बाजूला सारली. शेवटी १९१८ च्या उन्हाळ्यात त्यांनी काही झाडे रोज दुपारनंतर एका अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवण्यास सुरुवात केली. दिवस असा कृत्रिमरीत्या लहान केल्यावर ती झाडे ऐन उन्हाळ्यात फुलली. १९२० मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि दिवसाच्या लांबीनुसार वागण्याच्या वनस्पतींच्या या गुणाला ‘फोटोपिरिऑडिझम’ असे नाव मिळाले. कलांचो, पॉइन्सेटिया, शेवंती आणि ख्रिसमस कॅक्टस ही सारी लहान दिवसांत फुलणारी झाडे आहेत.

पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी झॅन्थियम या काटेरी फळांच्या तणावर प्रयोग केले तेव्हा या चित्रात एक महत्त्वाची दुरुस्ती झाली. दिवसाच्या मध्ये थोडा वेळ अंधार केला, तर झाडावर काहीच परिणाम होत नव्हता. रात्रीच्या मध्ये मात्र थोडा वेळ उजेड पाडला, तर फुले येणे थांबत होते. म्हणजे झाड जे मोजते ती रात्र असते, आणि ती अखंड असावी लागते. लहान दिवसांची झाडे हे नाव तेव्हापासून रूढच राहिले असले तरी त्यांना लांब रात्रींची झाडे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

हे मोजमाप पानांत होते. पानांत फायटोक्रोम नावाचे एक प्रथिनयुक्त रंगद्रव्य असते आणि त्याची दोन रूपे असतात. सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश पडला की ते क्रियाशील रूपात जाते, आणि सुमारे ७३० नॅनोमीटरचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारा अतिरक्त प्रकाश पडला की मूळ रूपात परतते. अंधारातही क्रियाशील रूप हळूहळू ओसरत जाते. पेशींमध्ये चालणाऱ्या २४ तासांच्या जैविक घड्याळाशी या बदलाची सांगड घालून पान रात्रीची लांबी ठरवते. खोलीतल्या दिव्याच्या प्रकाशात तांबड्या किरणांचा वाटा असतोच, त्यामुळे मध्यरात्री काही मिनिटांसाठी लावलेला दिवाही एका लांब रात्रीच्या दोन तोकड्या रात्री करून टाकू शकतो. बैठकीतल्या माझ्या कलांचोच्या लेखी सूर्य रात्री अकराला मावळत होता, आणि झाड आपल्या परीने उन्हाळाच जगत होते.

रात्र पुरेशी लांब आहे असे ठरले, की पानात एक संदेशवाहक तयार होतो आणि अन्नरस वाहून नेणाऱ्या वाहिन्यांतून शेंड्यापर्यंत पोहोचतो. असा काही पदार्थ असला पाहिजे, हे रशियन शास्त्रज्ञ चायलाख्यान यांनी १९३० च्या दशकातच मांडले होते आणि त्याला ‘फ्लोरिजेन’ असे नाव दिले होते. तो प्रत्यक्ष हाती लागण्यास सुमारे ७० वर्षे जावी लागली. एफटी नावाचे एक लहान प्रथिन पानातून शेंड्याकडे जाते, हे २००७ मध्ये दाखवून देण्यात आले. पान रात्र मोजते आणि शेंडा कळी धरतो, ही कामाची वाटणी मला आजही विलक्षण वाटते.

व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे. कलांचोला सुमारे सहा आठवडे रोज १४ तासांचा अखंड अंधार मिळाला पाहिजे. पॉइन्सेटियाला तेवढाच अंधार आठ ते दहा आठवडे लागतो. (त्याच्या लाल ‘पाकळ्या’ म्हणजे खरे तर छदे, म्हणजेच रंग पालटलेली पाने, खरी फुले मध्यभागी असलेल्या बारीक पिवळसर पेल्यांत असतात.) अंधारी खोली नसेल तर संध्याकाळी पाचला कुंडीवर जाड पुठ्ठ्याचे खोके उपडे घालावे आणि सकाळी सातला काढावे. दिवसा मात्र झाड खिडकीतच हवे, कारण कळ्यांसाठी लागणारी साखर उजेडातच तयार होते. या कामात सातत्य फार महत्त्वाचे आहे. एखाद्या संध्याकाळचा विसर झाड पोटात घालते, पण आठवड्यातून तीन वेळा विसरलात तर केलेली मेहनत वाया जाते.

ख्रिसमस कॅक्टसची कथा थोडी निराळी आहे. हे निवडुंग वाळवंटातले नाही. आग्नेय ब्राझीलच्या किनाऱ्यालगतच्या डोंगरांतल्या दमट जंगलात ते झाडांच्या फांद्यांवर आणि खडकांच्या कपारींत वाढते. उत्तर गोलार्धात ते वर्षाच्या अखेरीस फुलते, तर ब्राझीलमध्ये त्याला ‘मे महिन्याचे फूल’ म्हणतात, कारण तिथे रात्री लांबतात त्या मेच्या सुमारास. लांब रात्रींखेरीज त्याला गारव्याचीही भाषा कळते. रात्रीचे तापमान १० ते १३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले तर दिवसाची लांबी कशीही असो, ते कळ्या धरते. ज्या घरात रात्री दिवे मालवणे शक्य नसते, तिथे तापवलेल्या खोलीबाहेरची एखादी गार पडवी हाच त्यावरचा उपाय. फॅलिनॉप्सिस या ऑर्किडलाही गारव्याचाच इशारा लागतो. तापमान काही आठवडे साधारण २५ अंशांच्या खाली राहिले की त्याच्या पानांच्या बेचक्यातून फुलांचा दांडा डोकावतो.

कंदांच्या बाबतीत हिशेब वेगळाच असतो. ट्युलिप आणि हायसिंथ यांच्या कंदात फुलाची कळी आधीच्या उन्हाळ्यातच तयार झालेली असते. कंद उभा चिरून पाहिला तर पापुद्र्यांच्या मधोमध ती सुबकपणे बसलेली दिसते. अडते ते दांडा वाढण्यापाशी. त्यासाठी कंदाला ४ ते ९ अंशांच्या थंडीत साधारण १२ ते १६ आठवडे काढावे लागतात, आणि त्या काळात साठवलेल्या स्टार्चचे साखरेत रूपांतर होऊ लागते. घाई करून कंद लवकर उबेत आणला तर दांडा लांबत नाही आणि फूल कंदाच्या तोंडाशीच अडकून अर्धवट उमलते. काचेच्या निमुळत्या भांड्यात हायसिंथ लावताना पाणी कंदाच्या बुडाच्या किंचित खाली ठेवावे, कारण कंद पाण्यात बुडाला की कुजतो. मुळे ओलाव्याच्या ओढीने आपणहून खाली उतरतात. पेपरव्हाइट नार्सिससला मात्र थंडीची गरज नसते. लावल्यापासून चार ते सहा आठवड्यांत तो फुलतो, पण कमी उजेडात त्याचे दांडे लांबून आडवे पडतात. यावर कॉर्नेल विद्यापीठात एक सुंदर उपाय तपासला गेला. मुळे फुटून कोंब वर आल्यावर साध्या पाण्याऐवजी ४ ते ६ टक्के अल्कोहोल असलेले पाणी दिले, तर झाडाची उंची एक तृतीयांश ते निम्म्याने कमी राहते आणि फुले तेवढीच मोठी येतात. अशा पाण्यातून ओलावा ओढून घेणे मुळांना जड जाते. बहर धरताना बागायतदार झाडाला ताण देतात, त्याच जातीचा हा सौम्य ताण आहे.

कळ्या आल्यावर खरी परीक्षा सुरू होते, कारण घरात त्या गळतात फार. याचे पहिले कारण कोरडी हवा. शून्य अंशाची संपृक्त, म्हणजे बाष्पाने पूर्ण भरलेली, हवा घनमीटरमागे ५ ग्रॅमहूनही कमी बाष्प धरते. तीच हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची क्षमता सुमारे १७ ग्रॅमपर्यंत वाढते, पण बाष्प तेवढेच राहते. परिणामी सापेक्ष आर्द्रता २८ टक्क्यांच्या आसपास घसरते आणि अशी हवा पानांतून आणि कळ्यांतून ओलावा शोषून घेते. पानांवर पाण्याचा फवारा मारल्याने काही मिनिटांपुरताच दिलासा मिळतो. कुंड्या एकमेकींजवळ ठेवणे आणि त्या तापवणाऱ्या साधनापासून दूर हलवणे जास्त उपयोगी पडते.

हवेच्या कोरडेपणाला उत्तर म्हणून मातीत पाणी ओतणे ही त्याहून मोठी चूक आहे, आणि ती मायेपोटी होते. थंडीत उजेड कमी, वाढ मंद आणि म्हणून पाण्याची गरजही कमी. मुळांना श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो, आणि तो हवेच्या तुलनेत पाण्यातून सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. मातीची छिद्रे पाण्याने भरून राहिली की मुळे गुदमरतात, कुजतात आणि मग पाण्यात उभे असलेले झाड तहानेने कोमेजते. ते कोमेजलेले पाहून आणखी पाणी घालणाऱ्या हातांनीच बहुतेक झाडे जातात. म्हणून पाणी देण्याचा वार ठरवू नये. बोट खोचून वरचा थर कोरडा लागला तरच द्यावे.

कळ्या गळण्याचे दुसरे कारण डोळ्यांना दिसत नाही. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू बाहेर पडतो. सेंट पीटर्सबर्गमध्ये नेल्युबोव या विद्यार्थ्याने १९०१ मध्ये प्रयोगशाळेतल्या वाटाण्याच्या वेड्यावाकड्या रोपांचे कारण शोधताना दिव्याच्या गॅसमधले इथिलीन पकडले, तेव्हापासून वनस्पतींवरचा त्याचा परिणाम माहीत आहे. फळांची परडी आणि कळ्यांनी भरलेली कुंडी एकाच टेबलावर ठेवली तर कळ्या न उमलताच गळू शकतात. गारव्यासाठी फ्रिजमध्ये ठेवलेले ट्युलिपचे कंदही सफरचंदांच्या शेजारी असतील तर आतली कळी आतच मरते.

फुले संपली की बरेच जण कुंडी अडगळीत टाकतात. कलांचोचे वाळलेले तुरे छाटून ते खिडकीत ठेवले तर चालते. हिप्पीअ‍ॅस्ट्रम, ज्याला सगळे अमॅरिलिस म्हणतात, त्याची मात्र याच वेळी अधिक काळजी घ्यावी लागते. त्याचा फुलाचा दांडा कापावा, पण पाने कापू नयेत. त्याच्या कंदात साधारण दर चार पानांमागे एक फुलोरा धरला जातो, आणि दांडा उभा करण्यात रिता झालेला कंद ही लांब पट्ट्यांसारखी पानेच उजेडात पुन्हा भरून काढतात. पाने हिरवी असेपर्यंत त्याला खिडकीतली सर्वांत उजळ जागा द्यावी, कारण पुढच्या थंडीतली कळी त्या वेळी आत आकार घेत असते.