वेल्श पुरुषवृंद : साथसंगत व पाहुणे गायक

वेल्समधील पुरुषांच्या गायनवृंदाला (वेल्श नाव ‘कोर मैब्यॉन’) पियानो, ऑर्गन किंवा हार्पची साथ करणारे वादक आणि वृंदाच्या जलशात स्वतंत्रपणे गाणारे निमंत्रित कलावंत. पहिला टेनर, दुसरा टेनर, बॅरिटोन व बास अशा, वरच्या पट्टीपासून खर्जापर्यंतच्या, चार आवाजांत हा वृंद विभागलेला असतो. डनव्हंट (१८९५), पेंडिरस (१९२४), मॉरिस्टन ऑर्फियस (१९३५) हे त्यांतील काही नामवंत वृंद. गाणारे सभासद हौशी असतात. पूर्वी त्यांत कोळसा खाणींतले व पोलाद कारखान्यांतले कामगार पुष्कळ असत. साथीदार व पाहुणा गायक मात्र बहुधा रीतसर शिकलेले असतात.

साथीची परंपरा चॅपेलमधील (ख्रिस्ती प्रार्थनागृहातील) ऑर्गनवादकापासून आली, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. ते पूर्णपणे पटण्यासारखे नाही. वेल्समधील अनेक चॅपेलांत दीर्घकाळ वाद्य वर्ज्य होते. तेथे ‘कोदुर कानी’ म्हणजे गाणे उचलून देणारा पुढारी नादकाट्यावर किंवा नुसत्या अंदाजाने सूर धरी आणि मंडळी तो झेलत. १८५९ मध्ये अ‍ॅबरडेअर येथे यूआन ग्विल्ट यांच्या पुढाकाराने सामुदायिक स्तोत्रगायनाचा मेळावा भरला. ‘कमान्वा गानी’ या प्रथेचा आरंभ येथून धरतात. मात्र त्याआधीही लहानमोठे मेळावे भरत असावेत. पुढे टॉनिक सॉल-फा ही अक्षरलिपी घरोघरी पोचली. सारा ग्लोव्हर यांच्या पद्धतीवरून जॉन कर्वेन यांनी ती घडवली. तिच्यातला ‘डो’ आपल्या षड्जासारखा हवा तेथे मांडता येतो, त्यामुळे पाच रेघांची स्वरलिपी न शिकलेला खाणकामगारही चार आवाजांची रचना वाचू शके. (वेल्श मिशनऱ्यांबरोबर ही लिपी खासी व मिझो टेकड्यांत गेली. मिझोरामच्या चर्चवृंदांत ती आजही प्रचारात आहे.) गाणे बसवायला वाद्य अनिवार्य उरले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुरुषवृंद आइस्तेद्‌वोद या स्पर्धामहोत्सवांत उतरू लागले, तेव्हाची त्यांची गाजलेली स्पर्धागीतेही पुष्कळदा वाद्याविना गायची होती. फ्रेंच रचनाकार लॉरां द रिये यांचे ‘मार्टर्स ऑफ द अरीना’ हे त्यांचे ठळक उदाहरण. जोसेफ पॅरी यांचे ‘मव्हान्वी’ (१८७५) हे गीत आजही बहुधा वाद्याविनाच गातात. हे पाहता पियानोवादक वृंदात आला तो प्रथम तालमीचा माणूस म्हणून आणि रंगमंचावर त्याला जागा मिळाली ती नंतर, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. ऑर्गनचा प्रभाव त्याहून उशिराचा. ‘कूम रॉन्डा’ या स्तोत्रधुनेच्या कालनिश्चितीवरून याची कल्पना येते. जॉन ह्यूज (१८७३–१९३२) यांनी ती पाँटिप्रिडजवळ हॉपकिन्सटाउनच्या चॅपेलमधील नव्या ऑर्गनसाठी १९०७ मध्ये रचली, असे सांगतात. काही जण पहिला खर्डा १९०५ चा मानतात. दोन्हींचा मेळ घालायचा तर १९०७ हे साल धुनेच्या आजच्या रूपाचे धरावे. शेवटच्या ओळीआधी बास व ऑर्गन मिळून जी उसळी घेतात, ती वाद्य समोर असल्याशिवाय सुचणे कठीण.

साथीदाराला वेल्शमध्ये ‘कव्हैलिद’ म्हणतात. पुरुषांच्या वृंदात हे काम अनेकदा स्त्री करते आणि कित्येक वृंदांत मंचावरची ती एकटीच स्त्री असते. तिचे खरे कसब तालमीत दिसते. दिग्दर्शक मध्येच हात वर करून थांबवतो, ‘दुसरे टेनर, मागच्या पानावरून’ म्हणतो आणि तो हात खाली येण्याआधी तिला नेमका तोच स्वर वाजवून द्यावा लागतो. बासची ओळ एकटी वाजवायची, मग टेनरची, मग चारही ओळी दोन हातांत गोळा करायच्या. वाद्याविना गाताना वृंदाचा सूर हळूहळू उतरतो. गाणे संपताच तिने पियानोवर शेवटचा स्वर हलकेच दाबला की किती उतरले ते सर्वांना कळते. जलशात मात्र साथ गायकामागून चालणारी नसते. पियानोला स्वतःचा लिहिलेला भाग असतो आणि पाहुण्या गायकाच्या गाण्यांचीही साथ बहुधा तिलाच करावी लागते, कधीकधी एकाच तालमीवर.

पाहुणा गायक बोलावण्यामागे उघड कारण तिकीटविक्रीचे, पण दुसरे कारण गळ्याचे आहे. पहिल्या टेनरांना सतत वरच्या पट्टीत राहावे लागते. तीन-चार गीतांनंतर त्यांना विसावा हवा असतो. म्हणून जलशात वृंद व पाहुणा आलटून पालटून गातात, शेवटी एखादे गीत एकत्र होते. भारदस्त पुरुषी नादानंतर उठून दिसणारा सोप्रानो म्हणजे स्त्रीचा उंच आवाज विशेष पसंत केला जातो. हार्पवादक किंवा पितळी वाद्यांचा बँडही चालतो. आइस्तेद्‌वोदमधील तरुण विजेते अशा जलशांत पाय रोवतात. एकलगायकांचे पीक येथे किती दाट, ते किल्व्हनिद गावावरून दिसते : बॅरिटोन गेरेंट एव्हन्स (१९२२–९२) व टेनर स्टुअर्ट बरोज (१९३३–२०२५) एकाच रस्त्यावर जन्मले.

पाहुण्या गायकांत सर्वांत जास्त बोलले जाते ते अमेरिकन कृष्णवर्णीय बास-बॅरिटोन पॉल रोबसन यांच्याविषयी. लंडनच्या रस्त्यावर गात चाललेल्या बेकार वेल्श खाणकामगारांशी त्यांची गाठ पडली ती १९२८ च्या की १९२९ च्या हिवाळ्यात, याविषयी एकवाक्यता नाही. अमेरिकन सरकारने १९५० मध्ये त्यांचे पारपत्र काढून घेतले. त्यामुळे वेल्सला येता येत नसल्याने ५ ऑक्टोबर १९५७ रोजी पोर्थकॉल येथील खाणकामगारांच्या आइस्तेद्‌वोदसाठी ते न्यूयॉर्कमधून अटलांटिकखालच्या दूरध्वनी तारेवरून गायले. ही तार वर्षभरापूर्वीच कार्यान्वित झाली होती. उत्तरादाखल ट्रिऑर्की पुरुषवृंदाने त्यांना ‘अ देलिन आइर’ (सोन्याची हार्प) ऐकवले. पारपत्र परत मिळाल्यावर १९५८ च्या उन्हाळ्यात एब व्हेलच्या राष्ट्रीय आइस्तेद्‌वोदला ते प्रत्यक्ष आले.