लेखनिक (प्राचीन इजिप्त)

लेखनिक : प्राचीन इजिप्तमधील हिशेब, पत्रव्यवहार आणि दप्तर सांभाळणारा शिक्षित वर्ग. इजिप्शियन भाषेत त्याला ‘सेश’ म्हणत. या शब्दाची चित्रलिपीतली खूण म्हणजे त्याची सगळी मिळकत : दोन खळग्यांची शाईपाटी, छोटी पिशवी आणि लेखण्यांची नळी, दोरीने एकत्र बांधलेली. लिहिता-वाचता येणारे शंभरात एखाद-दुसरेच असावेत, असा अंदाज आहे.

शिक्षण लहानपणीच सुरू होई. शिकणारे बहुतेक लेखनिकांचेच मुलगे असत. आपल्याला वाटते तशी सुरुवात चित्रलिपीने होत नसे. आधी शिकवत ती हिएराटिक ही रोजच्या वापरातली जलद, मोडी वळणाची लिपी. सुटी अक्षरे गिरवण्यापेक्षा अख्खी वाक्ये घोकण्यावर भर होता. ‘केमित’ नावाचे क्रमिक पुस्तक मध्य राज्याच्या, म्हणजे सुमारे इ.स.पू. २००० नंतरच्या काही शतकांच्या, काळातले. पण कित्येक शतकांनंतरही देर अल-मदीना या कारागिरांच्या वस्तीतली मुले त्याचाच कित्ता गिरवत होती. तोवर त्याची भाषा बोलण्यातून गेली होती आणि उभ्या ओळी मांडायची पद्धतही मोडली होती. नकलांमधल्या चुका पाहता अर्थ पुष्कळांच्या डोक्यावरून जात असावा. पपायरस, म्हणजे त्याच नावाच्या पाणवनस्पतीपासून केलेला कागद, महाग म्हणून सराव चुनखडीच्या कपच्या, खापरे किंवा पुसता येणाऱ्या लाकडी पाट्यांवर चाले. ‘मुलाचा कान पाठीवर असतो, मार बसला की तो ऐकतो’ असे एका पाठात म्हटले आहे. ‘शिकवणे’ या क्रियापदाला जोडून काठी उगारलेल्या माणसाचे चित्र काढत, तेव्हा हे नुसते बोलणे नसावे.

लेखणी लव्हाळ्याची. तिचे टोक ठेचून किंवा चावून कुंचल्यासारखे करत. काळी शाई काजळीची, तांबडी गेरूची, दोन्हींत डिंक. शीर्षके आणि बेरजा तांबड्या शाईत. मांडी घालून बसले की ताणलेला कमरेचा कपडा हेच मेज. लूव्र संग्रहालयातला सक्कारा येथे सापडलेला लेखनिकाचा पुतळा याच बैठकीत आहे.

‘दुआ-खेती’चा उपदेश या जुन्या शालेय पाठात बाप मुलाला राजधानीतल्या शाळेत पोचवताना इतर धंद्यांची टर उडवतो : तांबटाची बोटे मगरीच्या नख्यांसारखी, परीट मगरीच्या शेजारी कपडे धुतो, ज्याच्यावर साहेब नाही असा धंदा एकच, लेखनिकाचा. हे लिहिणारे आणि नकलणारे लेखनिकच होते, हे ध्यानात ठेवून ते वाचावे. साहेब त्यांच्याही डोक्यावर असतच.

प्रत्यक्ष काम मोजदादीचे होते : धान्य, गुरे, शेतांची मापे, मजुरांचा शिधा. सुमारे इ.स.पू. १५५० मध्ये अहमोस या लेखनिकाने नकललेल्या गणिती पपायरसात १० माणसांत पाव वाटण्याची उदाहरणे आहेत. ६ पाव असतील तर प्रत्येकी १/२ आणि १/१०. त्यांच्या अपूर्णांकांत २/३ सारखा अपवाद सोडला, तर अंशस्थानी १च चाले. दुसऱ्या एका पपायरसात एक लेखनिक सहकाऱ्याला डिवचतो : ७३० हात लांब, ५५ हात रुंद उतरण बांधायची आहे, सांग विटा किती लागतील?

या कामाचा सर्वांत बोलका नमुना म्हणजे ब्रिटिश म्युझियममधली चुनखडीची एक कपची. दुसरा रामसेस या राजाच्या कारकिर्दीच्या ४०व्या वर्षातला तो हजेरीपट आहे. सुमारे ४० कामगारांची नावे आणि गैरहजेरीचे दिवस काळ्या शाईत, कारणे त्यांच्या वर तांबड्या शाईत : विंचू चावला, डोळे आले, आई आजारी, नातलगाचे अंत्यसंस्कार, आणि बऱ्याच जणांपुढे, बिअर गाळत होता.